फुरसं समजून: काजूबागेतल्या एका दंशाची नोंद

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम, चाचण्यांचे आकडे आणि आम्ही घेतलेले निर्णय, चुकलेल्या निर्णयांसकट, होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

तळकोकणात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका तालुक्यातल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते. मार्च ते मे हा तिकडे काजूचा हंगाम. पिकलेला बोंडू झाडावरून आपसूक पडतो, तो सकाळी ऊन चढायच्या आत वेचायचा, बी पिळून वेगळी करायची आणि बोंडू डब्यात टाकायचा. झाडाखाली घोट्याएवढा पातेरा साठलेला असतो. बी त्यात लपते. ती शोधायला बाया हातानंच पाला बाजूला सारतात, कारण काठीनं सारलं तर वेळ दुप्पट लागतो आणि मजुरी वेचलेल्या बीच्या वजनावर मिळते.

आमच्या अपघात विभागाच्या रजिस्टरात सर्पदंशापुढे सहसा पाचपैकी एक शब्द असायचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं किंवा 'अज्ञात'. त्यातही फुरसं सगळ्यांत जास्त. तिकडे वीतभर लांबीचा, तपकिरी, वेटोळं घालून बसलेला कुठलाही साप म्हणजे फुरसंच. चापडा हा शब्द लोकांना ठाऊक आहे, पण तो हिरव्या सापासाठी. बांबूच्या बेटात किंवा करवंदीच्या जाळीत फांदीला विळखा घालून बसणारा, पानासारखा हिरवा, त्रिकोणी डोक्याचा. आंबोलीला पावसाळ्यात रात्री बॅटऱ्या घेऊन हिंडणारे लोक ज्याचे फोटो काढतात तो मलबारी चापडा त्याचाच भाऊबंद. तो हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत सापडतो.

याच कुळातला तिसरा भाऊबंद पाल्यातच राहतो. फूट-दीड फूट लांब, वाळक्या पानाच्या रंगाचा, नाकाचं टोक वर उचललेलं. लोकांच्या तोंडी त्याला वेगळं नाव नाही, म्हणून सोयीसाठी त्याला उंचनाक्या चापडा म्हणते. श्रीलंकेत आणि केरळात तो भरपूर आहे, आणि पश्चिम घाटात उत्तरेला साधारण सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकापर्यंत येतो. म्हणजे आमचा तालुका त्याच्या राज्याची उत्तर सीमा. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं माहीत असणं आणि सकाळी नऊ वाजता आठवणं यांत फरक आहे.

चापडे कुळातल्या सगळ्यांना डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा असतो. त्यात ताणलेला पातळ पडदा उष्णता टिपतो, एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक. अंधारात, गार पाल्यावरून जाणारा उंदीर त्याला 'दिसतो' तो असा. त्यामुळे त्याला भक्ष्यामागे धावावं लागत नाही. एका जागी तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस बसून राहायचं आणि जवळ आलेल्यावर झडप घालायची, हा त्याचा धंदा. माणसाला धोका आहे तो या बसून राहण्यामुळेच. धामण चाहूल लागली की निघून जाते. हा हलत नाही, आणि आपण त्याच्यावर हात ठेवतो.

त्या सकाळी

एप्रिलचा पहिला आठवडा. चव्वेचाळीस वर्षांची, साधारण ४८ किलो वजनाची एक बाई सातच्या सुमारास वेचणीला वाकली होती. पाल्याखाली हात घातला आणि उजव्या हाताच्या तर्जनीला चटका बसला. आधी तिला वाटलं, काटा असेल. बोट वर केलं तर साप पाल्यात परत शिरताना दिसला. बरोबरच्या बाईनं काठीनं त्याला मारला आणि गडग्यापलीकडे फेकला.

मनगटाच्या वर रुमाल आवळून बांधला गेला. मांत्रिकाकडे कुणी नेलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा लेखांत खेड्यातली माणसं नेहमी मांत्रिकाकडे जाताना दिसतात. मुलगा मोटारसायकल घेऊन आला. वाटेतल्या गावात एक दवाखाना उघडा होता, तिथे थांबले. दुखणं कमी व्हावं म्हणून कंबरेत एक इंजेक्शन दिलं गेलं, धनुर्वाताचं दुसरं दिलं गेलं, आणि "फुरसं असेल, सरकारी दवाखान्यात न्या" असं सांगण्यात आलं. आमच्याकडे पोचायला ८.५५ झाले. वाटेत कुणीतरी धीरही दिला होता: "बारीकसो साप, काय होवचा नाय."

पहिला तास

दंशाच्या दोन खुणा, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. बोट जांभळट, त्यावर रक्ताचा फोड धरू लागलेला. सूज मनगटापर्यंत. रक्तदाब १३० वर ८०. पापण्या उघडत होत्या, गिळता येत होतं, श्वास नीट होता. म्हणजे नाग-मण्यारीची लक्षणं नाहीत. वेदना मात्र विलक्षण. रुमाल अजून तसाच होता. तो एकदम सोडला नाही. सलाईनची सुई लावून घेतली, औषधं हाताशी ठेवली आणि मग हळूहळू सैल केला.

यानंतरची दहा मिनिटं बांगड्यांत गेली. उजव्या हातात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि सूज त्यांच्या काठाशी येऊन ठेपली होती. सूज वाढली की बांगड्या स्वतःच रुमालाचं काम करणार, हे दिसत होतं. सिस्टरनी सांगितलं, "वयनी, काकणां वाढवूक होयी." तिनं हात मागे घेतला. वेदनेनं घाम सुटलेली बाई एकदम ठाम झाली: "माझो घोव जितो आसा." नवरा बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं. तो नुसता उभा राहिला. शेवटी सासूच पुढे आली आणि म्हणाली, "हात रवलो तर काकणां परत येतली." मग सिस्टरनी गॉज गुंडाळून चिमट्यानं एकेक बांगडी वाढवली, कपची लागू नये म्हणून हळूहळू. अनामिकेतली चांदीची अंगठी दोऱ्यानं काढली. दहा मिनिटं मोडली म्हणून मला तेव्हा चडफडायला झालं होतं. आता वाटतं, त्या सकाळी सगळ्यात बरोबर झालेलं काम तेच.

मधल्या वेळात रक्त घेतलं. रक्त गोठतं की नाही हे पाहायची २० मिनिटांची चाचणी ही सर्पदंशातली सगळ्यात गरीब आणि सगळ्यात विश्वासू चाचणी आहे. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, आणि मग नळी कलती करायची. गोठलं असेल तर गोळा चिकटून राहतो. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर चाचणी खोटं बोलते. आमच्याकडे सगळं प्लास्टिकचं झालं होतं. काचेच्या दहा नळ्या एका डब्यात घालून मी कपाटावर ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या. तुलनेसाठी रुग्णवाहिकेच्या चालकाचं रक्त दुसऱ्या नळीत घेतलं.

९.२५ ला दोन्ही नळ्या कलत्या केल्या. चालकाचं रक्त जेलीसारखं थिजलेलं. तिचं रक्त पाण्यासारखं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं.

लस द्यायची की नाही

भारतात मिळणारी सर्पविषावरची लस, रुग्णालयाच्या भाषेत एएसव्ही, चार सापांच्या विषावर बनते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापड्यांच्या विषावर ती बनत नाही. उंचनाक्याच्या विषावर तर तिचा उपयोग होत नाही. २००७ मध्ये केरळातल्या दंशांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, तीही याच घोटाळ्याची होती. साप फुरसं समजला गेला, लस दिली गेली, तिनं काही साधलं नाही.

पण ९.२५ ला माझ्यासमोर काय होतं? न गोठणारं रक्त, वाढती सूज, आणि "फुरसां" म्हणणारे पाच जण. घोणस किंवा फुरसं असेल तर लसीला प्रत्येक तासाच्या उशिराची किंमत असते. चापडा असेल तर लस निरुपयोगी, वर तिची स्वतःची रिॲक्शन येण्याची भीती.

पर्याय तीन होते. लगेच लस सुरू करायची. साप नक्की कोणता ते कळेपर्यंत थांबायचं. किंवा काहीही न देता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. तिसरा मी लगेच बाजूला ठेवला, कारण रस्ता दीड तासाचा, आणि न गोठणाऱ्या रक्तासह लस न देता पाठवणं हे घोणशीच्या दंशात महागात पडलेलं मी पाहिलं होतं. दुसऱ्याला काही अर्थ नव्हता, कारण साप कधी कळेल याची खात्री नव्हती. रक्त गोठत नाही आणि साप माहीत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की नियम लस द्या असंच सांगतो. तो मी पाळला.

दहा व्हायल. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून ती तळहातात फिरवत विरघळवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि मग कुणी घाईनं तो फेसच ओढतं. ९.४० ला सलाईनमधून सुरू केली. पंधरा मिनिटांत पोटावर गांधी उठल्या, थंडी भरली, छातीत घरघर सुरू झाली. लस थांबवली, मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिलं. ते आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं, म्हणून शोधाशोध झाली नाही. अर्ध्या तासात ती सावरली, लस हळू गतीनं परत सुरू केली, ११.३० ला संपली.

पहिल्या दहा व्हायल दिल्याचं समर्थन मी आजही करीन. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

फोटो

संध्याकाळी ५.३० ला, म्हणजे लस संपल्यावर सहा तासांनी, परत चाचणी केली. रक्त परत वाहिलं. हिरड्यांतून थोडं रक्त झिरपत होतं. कंबरेत जिथे सकाळी इंजेक्शन दिलं होतं तिथे हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग उमटला होता. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई खुपसली की आत असंच साठतं. त्या इंजेक्शनात वेदनाशामक कोणतं होतं ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. डायक्लोफेनॅक असेल तर ते मूत्रपिंडालाही सुखाचं नाही. दंशाच्या वेदनेला पॅरासिटामॉल द्यावं, तेही तोंडातून, हे इतकं साधं आहे.

दुसऱ्या दहा व्हायलची तयारी चालली होती. ट्रे आला, सिस्टर पहिली व्हायल फोडणार, एवढ्यात मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हो बघा, सगळ्यांका इलो हा." गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी ७.२० पासून सापाचा फोटो फिरत होता. खाली लिहिलं होतं: फुरसां चावला, सांभाळून रवा. दिवसभर शंभर जणांनी तो पाहिला. आम्ही सोडून.

फोटोत गडग्याच्या चिऱ्यावर टाकलेला मेलेला साप होता. मधोमध ठेचलेला, पण डोकं शाबूत. मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. नाकाचं टोक वर वळलेलं, लहान मुलानं नाक उडवल्यासारखं. डोळ्यापुढे खळगा. डोक्याच्या मागच्या भागावर मोठाले खवले. फुरशाच्या डोक्यावर सगळे बारीक खरखरीत खवले असतात आणि बाणासारखी पांढरट खूण असते, अंगावर नागमोडी रेघ असते. इथे पाठीवर दोन्ही बाजूंना काळपट त्रिकोणी ठिपके होते. फुरसं नव्हतंच. ओळखीच्या एका सर्पमित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, आणि त्यानं उलट विचारलं, "काकी कशा आहेत? लघवी होतेय का?" सापांच्या मागे हिंडणाऱ्या त्या पोराला जो प्रश्न सुचला तो मी सकाळपासून नीट विचारला नव्हता.

संध्याकाळचा निर्णय

आता पर्याय वेगळे झाले.

नियमाप्रमाणे रक्त सहा तासांनी गोठलं नाही तर आणखी दहा व्हायल द्यायच्या. नियम पाळला तर मला कुणी बोल लावणार नव्हतं. पण नियम चार सापांसाठी लिहिलेला आहे, आणि चिऱ्यावरचा साप त्या चारांत नव्हता. शिवाय आमच्याकडे १४ व्हायल उरल्या होत्या. हंगामात रात्री दुसरा, खरा फुरशाचा किंवा घोणशीचा रुग्ण आला असता तर चार व्हायलींवर त्याचं काय केलं असतं?

उलट बाजूही होती. फोटोतला साप हाच चावलेला साप कशावरून? बागेत दोन साप असू शकतात. मारणाऱ्या बाईला फोन लावला. तिनं सांगितलं की साप पाल्यात शिरताना नजरेआड झालाच नव्हता, आणि मारल्यावर तोंड उघडं राहिलं होतं ते तिनं काठीनं मिटवलं. (हे करू नये. चापड्यांच्या कुळात मेलेल्या, अगदी तुटलेल्या डोक्यालाही काही काळ चावता येतं.) शंका पुरती मिटली नाही, पण लस एकदा निकामी ठरली होती, आणि फोटो आणि रक्त एकच गोष्ट सांगत होते.

जिल्ह्यातल्या एका अनुभवी फिजिशियनशी फोनवर बोलले. दुसरी मात्रा द्यायची नाही, यावर आमचं एकमत झालं. ट्रे परत गेला.

इथपर्यंत बरोबर. यापुढचा प्रश्न होता, आत्ता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं की सकाळी? तिकडे प्लाझ्मा (रक्त गोठवणारे घटक असलेला रक्ताचा द्रव भाग) होता, रात्रीही क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायची सोय होती, डायलिसिस होतं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. प्रयोगशाळेचं मशीन होतं, पण तंत्रज्ञ पाचला घरी गेला होता. घरचे म्हणत होते, आता बरी आहे, बोलतेय, रात्री कशाला हलवता. रक्तदाब ठीक होता. सकाळचं क्रिएटिनिन ०.९ आलं होतं. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, नऊपर्यंत येणार होती. मी म्हटलं, सकाळी पाहू.

या प्रकरणातला माझा चुकलेला निर्णय तो. साप कोणता हे कळलं त्या क्षणी दोन गोष्टी कळायला हव्या होत्या: आपल्याकडे याच्यावर औषध नाही, आणि हा साप ज्यांना मारतो त्यांना मूत्रपिंडामार्गे मारतो. औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, असं नव्हे. डायलिसिस जिथे आहे तिथे रुग्णाला वेळेत पोचवणं, एवढंच आमच्या हातात होतं.

रात्र

निदान कॅथेटर घातला आणि लघवी मोजायला सुरुवात केली. सिस्टर दर तासाला जग उजेडात धरून आकडा लिहीत होत्या. ४८ किलोच्या माणसाला तासाला किमान २४ मिली तरी व्हायला हवी. आकडे आले ३०, २२, १८, १५, १०... मध्यरात्रीनंतर लघवीचा रंग बदलला. सिस्टर म्हणाल्या, "कोकमाचं आगळ वाटतंय." तसंच होतं, गडद, लालसर काळं. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या बारा तासांत एकूण १८० मिली.

साडेसहाला तंत्रज्ञाला घरून उठवून आणलं. क्रिएटिनिन २.१.

गोव्याला न्यायचं की ओरोसला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, यावर घरच्यांचं अर्धा तास चाललं. आमच्या तालुक्यातल्या माणसाला मोठ्या दुखण्याला गोवा जवळचा वाटतो, नातेवाईकही तिकडेच कामाला असतात, पण कागदपत्रं महाराष्ट्राची. अशा वेळी डॉक्टरनं "तुम्ही ठरवा" म्हणून मोकळं होऊ नये. मी दोन्हीकडे फोन करून डायलिसिसचं मशीन आज कुठे मोकळं आहे ते विचारलं आणि त्या ठिकाणचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. आठ वाजता १०८ निघाली. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दंश उंचनाक्या चापड्याचा, फोटो मुलाच्या मोबाईलवर, दहा व्हायल दिल्या, रिॲक्शन आली, परत देऊ नये. स्नायूत इंजेक्शन नको.

पुढे काय झालं

तिला प्लाझ्मा देण्यात आला. चौथ्या दिवशी रक्त गोठू लागलं. मूत्रपिंडं मात्र थांबली ती थांबलीच. क्रिएटिनिन ६ च्या पुढे गेलं. अडीच आठवड्यांत पाच वेळा डायलिसिस झालं. विसाव्या दिवशी लघवी वाढू लागली आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती घरी आली. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.२ होतं. तर्जनीच्या टोकाची कातडी सडून गेली, जखम भरायला पावसाळा उजाडला. पेर अजून पुरतं वाकत नाही.

काजूचा हंगाम गेला तो गेलाच. मुलगाही सव्वा महिना कामावर गेला नाही. औषधोपचार सरकारी होता, पण जाणं-येणं, जेवण, भाड्याची खोली यांना योजना नसते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, ८.५५ ला "साप कोणता?" याऐवजी "कुणी फोटो काढलाय का?" असं विचारायला हवं होतं. पहिल्या प्रश्नाला माणसं नाव सांगतात, आणि आमच्याकडे ते नाव एकच असतं. आता मी हा प्रश्न रुग्णाला नाही, बरोबर आलेल्या सगळ्यात लहान वयाच्या माणसाला विचारते. मात्र फोटोसाठी सापामागे जाणं, तो पकडून पिशवीतून आणणं, हे कुणी करू नये. बरणीत जिवंत साप घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, आणि एकदा अपघात विभागात बरणीचं झाकण सैल निघालेलंही पाहिलंय.

फोटो ९ वाजता मिळाला असता तर लस दिली नसती का? खरं सांगायचं तर फिजिशियनला फोन आधी केला असता आणि बहुधा दिली नसती. ती रिॲक्शन टळली असती. मूत्रपिंडांचा बिघाड टळला असता असं नाही. पण तिला दुपारपर्यंत मोठ्या रुग्णालयात पोचवलं असतं, पहिल्या तासापासून लघवी मोजली असती. मी ती संध्याकाळपासून मोजली. सकाळी तिनं एकदा केली होती, किती ते कुणी पाहिलं नाही. सर्पदंशाच्या केसपेपरवर लघवीचा रकाना मी आता हातानं आखून घेते.

नळीचंही एक सांगायला हवं. या बाईचं रक्त गोठलं नाही म्हणून आम्ही सावध तरी झालो. उंचनाक्याच्या दंशात गोठण्यातला बिघाड कधी इतका हलका असतो की २० मिनिटांच्या चाचणीत रक्त व्यवस्थित थिजतं, आणि मूत्रपिंड मात्र आतून बिघडत जातं. म्हणजे नळीनं "ठीक आहे" म्हटलं म्हणून दुपारी घरी सोडणं धोक्याचं. हिरव्या चापड्याच्या बहुतेक दंशांत सूज आणि वेदनेवर निभावतं, काही दिवसांत उतरतं, त्यामुळे "चापडा ना, मग जा घरी" असं म्हणायची सवय लागते. निदान २४ तास ठेवावं, आणि घरी पाठवताना सांगावं की पुढचा आठवडाभर लघवी कमी किंवा लाल झाली तर परत या.

रुमालाबद्दल काय लिहावं? प्रत्येक भित्तीपत्रकावर लिहिलेलं असतं की आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात हलू न देता रुग्णालयात न्या. तरी बांधतात, कारण काहीतरी केल्यासारखं वाटतं. मला वाटतं, 'बांधू नका' याच्याऐवजी 'बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळ काढा' हे आधी सांगावं. माणसाच्या हाताला काम मिळतं, आणि तेच नेमकं उपयोगाचं काम असतं. बांगड्यांचं बागेतच झालं असतं तर सूज नव्हती, साबण लावून अख्ख्या निघाल्या असत्या, वाढवायचा प्रसंग आला नसता.

आणि तो दवाखाना. त्या डॉक्टरांशी मी नंतर बोलले. भांडायला गेले होते, पण त्यांनीच आधी विचारलं, "माझ्याकडे नळी नाही, लस नाही, समोर बाई ओरडतेय, मी काय करायचं?" मी त्यांना काचेच्या चार नळ्या दिल्या आणि सांगितलं की सुई नको, पॅरासिटामॉलची गोळी द्या, आणि निघाल्याची वेळ टाकून आम्हाला फोन करा. तेव्हापासून फोन येतात.

२०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं आणि राज्यांना प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. नोंद होईल हे चांगलंच. पण त्या नोंदीत आमच्यासारख्या तालुक्यातून 'फुरसं' असंच जात राहिलं, तर चापड्यावरच्या लसीची गरज कागदावर कधी दिसणारच नाही. मी जुनं रजिस्टर काढून पाहिलं. फुरसं लिहिलेल्या, लसीनं रक्त न गोठलेल्या, पुढे पाठवलेल्या नोंदी होत्या. त्यांतले साप कोणते होते, हे आता कुणाला कळणार?

बाग

पुढच्या हंगामात रक्त तपासायला ती आली तेव्हा हातात बांगड्या होत्या, मापानं जरा सैल, सहज निघतील अशा. परत काजूला जातेस का, विचारलं. जाते म्हणाली. बागायतदारानं आता झाडाखालचा पातेरा हंगामाच्या आधी ओढून काढायला सुरुवात केली आहे, आणि बायांना काठ्या दिल्यात, टोकाला तार वाकवलेल्या. तारेनं बोंडू ओढून घ्यायचा, मग उचलायचा. वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरी किलोवर न देता रोजावर देतो. हे त्यानं आपण होऊन केलेलं नाही, बायांनी अडून बसून करवून घेतलं.

रबरी हातमोजेही दिले होते. ते घालून बोंडूपासून बी पिळता येत नाही, बोटं घसरतात. ते तिच्या घरी खुंटीला टांगलेले आहेत.